लॅपटॉपवर उठलेला हात

प्रिय बाबा,

आज मी तुमच्या लॅपटॉपला मारलं. बोटांनी टकटक केली नाही, वैतागून टेबलावर मूठही आपटली नाही. पंजा उघडा ठेवून, थेट खांद्यापासून हात आणून, कीबोर्डच्या मधोमध चपराक हाणली. तुम्ही हाणायचात तशीच. त्या आवाजासरशी आईने गॅस बंद केला, माझ्या इराचा दंड धरला आणि तिला घेऊन ती जिन्यात जाऊन बसली.

कळलं का, कोणापासून वाचवायला नेलं तिने पोरीला? माझ्यापासून.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी तुमच्या फोटोजवळ ठेवायला चार शब्द लिही, म्हणून आपला धाकटा भूषण अमेरिकेतून माझ्या मागे लागला आहे. मी टाळत होते. अशा वेळी काय लिहितात ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्या दहाव्याला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला, माणूस कडक होता पण प्रेमळ होता. आई पांढऱ्या चादरीवर बसून डावीकडून बोलणाऱ्यालाही आणि उजवीकडून बोलणाऱ्यालाही सारखीच मान हलवत होती. डावीकडच्यांचं तिला ऐकूच येत नव्हतं, बाबा. का येत नव्हतं, हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

ते चार शब्द मी लिहिणार नाही. हे पत्र लिहिते आहे. आणि आजच लिहिते आहे, कारण तळहाताची आग अजून गेलेली नाही.

तुमचा लॅपटॉप म्हणते खरी, पण घेतलात तो माझ्यासाठी. मला हिंजवडीत पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही स्वतः जाऊन आणलात. आणल्यावर आधी भुसा आणि साबण लावून हात कोपरापर्यंत घासलेत, मगच खोका उघडलात. भोसरीचा कारखाना सुटून किती वर्षं झाली तरी तिथलं काळं तेल नखांतून कधी गेलं नाही, पण त्या दिवशी तुम्ही प्रयत्न केलात. मला कंपनीने त्यांचा लॅपटॉप दिला आणि हा तुमच्याकडे आला. तुम्ही गेलात आणि तो आईकडे आला. दर रविवारी सकाळी ती मोठे हेडफोन लावून भूषणशी बोलते. मोबाइलवर तिला जमत नाही. हेडफोन लावले की उजव्या कानात त्याचा आवाज भरून येतो, म्हणते. आठवड्यातला तेवढा एकच आवाज तिला मान वाकडी न करता ऐकू येतो.

गेल्या महिन्यात लॅपटॉपने अपडेट घेतलं. मी ऑफिसात होते, त्याने विचारलं असेल आणि आईने भिऊन हो म्हटलं असेल. संध्याकाळी मी आले तर पडद्यावर गोल गोल फिरत होतं आणि आई त्याच्यासमोर हात जोडल्यासारखी बसली होती. तेव्हापासून तो गोठायला लागला. चांगला चालू व्हायचा, बोलणं सुरू व्हायचं, आणि थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी थांबायचं. बाण हलायचा नाही, बटणं लागायची नाहीत, भूषण अर्धं तोंड उघडून तसाच.

आजही तेच झालं. आई बिचारी त्या थिजलेल्या तोंडाशी बोलतेय, भूषण, भूषण, ऐकू येतंय ना रे? मी गेले आणि लॅपटॉपच्या कुशीत एक चापट मारली. हलकीच. आणि गंमत बघा, तो चालू झाला! योगायोग असणार, पण झाला. इरा पोहे खात बसली होती, ती खदखदून हसली. टाळ्या वाजवून म्हणाली, आई, परत मार.

पुन्हा गोठला तेव्हा आई हेडफोन काढून स्वयंपाकघरात निघून गेली. तिचं ते न बोलता उठणं माझ्या डोक्यात गेलं. सगळा महिना डोक्यात गेला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, लोकांची मोठमोठी बिघडलेली कामं शोधून देते, आणि माझ्या आईला आठवड्यातून एकदा मुलाशी बोलता येईल एवढं मला करता येत नाही? हात कधी वर गेला कळलंच नाही. एक बटण उडालं आणि इराच्या पोह्यांच्या बशीत पडलं.

ती या वेळी हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कशी दिसत असेन, ते मला माहीत आहे. मी ते तोंड समोरून बघत मोठी झाले.

बाबा, तुम्ही काय काय नाही मारलंत! टीव्हीच्या टाळक्यात तर रोजच घालायचात. मिक्सरला गुद्दे, स्कूटरला लाथा. पाणी येत नाही म्हणून नळावर पान्हा हाणून अख्खा नळ उपटला होतात. ते पाणी पार शेजारच्या लिमयेकाकूंच्या दारापर्यंत गेलं. काकूंनी दार उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, वा, आमच्याकडे तर आज पाणीच नव्हतं. तुम्ही चिडून चाललात की जिना पडेल असं वाटायचं. आणि यंत्र चालू झालं नाही की त्याच्या शेजारी जो उभा असेल त्याचा नंबर. भूषणचा पुढचा दात त्या इस्त्रीपायी तुटला. इस्त्री तापत नव्हती आणि तो विचारायला आला होता, बाबा शर्ट झाला का, एवढंच. पट्ट्याचं बक्कल लागलं. दाताचा तुकडा मी खाटेखालून शोधून काढला आणि वहीच्या कागदात गुंडाळून ठेवला. का ठेवला, आजही सांगता येणार नाही.

पहिला फटका ऐकला की आई आम्हाला घेऊन जिन्यात यायची. तुम्हाला कधी कळलं का ते? दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये खिडकी आहे, तिथे. म्हणायची, चला रे, जिन्यात वारा सुटला. जणू फिरायलाच निघालो! आम्ही तिघं पायऱ्यांवर बसायचो आणि आत तुमचे पान्हे आपटत असायचे. येणारे-जाणारे लोक भिंतीला चिकटून वाट काढायचे. काय झालं, असं कोणी विचारलं नाही. कोणीच नाही, बाबा. एवढ्या मोठ्या इमारतीत!

मग यंत्र चालू व्हायचं आणि तुम्ही दार उघडून म्हणायचात, या आत, झालं. तुमचा चेहरा एकदम मोकळा असायचा. जसं काही आम्ही सगळे त्या मिक्सरचीच काळजी करत बसलो होतो.

आज आई इराला घेऊन गेली तेव्हा मी त्यांच्यामागे जायला हवं होतं. गेले नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, ही खोडही तुमचीच. मनात म्हटलं, बसतील थोडा वेळ. आधी याचा सोक्षमोक्ष लावते. आणि मी दार लोटून लॅपटॉपसमोर बसले.

पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा लावला. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी लागेल तेवढंच चालू ठेवून. व्यवस्थित चालला. मी खूश झाले. म्हणजे नव्या अपडेटचाच दोष, दुसरं काय? आमच्या टेस्टिंगच्या कामात पहिला धडाच हा असतो, बिघाड दिसला की शेवटचा बदल कोणता झाला ते बघ. मी ते अपडेट काढून टाकलं, जुनं होतं तसं केलं. पुन्हा लावला. गोठला. पडद्याचा ड्रायव्हर बदलला. गोठला. मी त्याला तुमच्याच भाषेतल्या दोन शिव्या दिल्या, पार अकोल्याकडच्या.

अपडेट काढल्यावरही तेच होतंय, म्हणजे दोष अपडेटच्या आधीचा. पण आधी तर चांगला चालत होता, असं मन म्हणत राहतं. शेवटच्या बदलावर खापर फोडणं किती सोपं असतं!

तुमच्याबद्दलही मी हेच केलं होतं. मी शाळेत होते तेव्हा तुमच्या कारखान्यात लोखंड कातायचं, कॉम्प्युटरवर चालणारं लेथ आलं. तुम्ही जे काम हाताने दिवसभर करायचात ते त्याने चहा पिऊन होईपर्यंत केलं, असं तुम्हीच सांगितलंत. मग तुमच्या लाइनीतल्या सगळ्यांना स्वेच्छेने घरी जायला सांगितलं, आणि तुम्ही स्वेच्छेने घरी आलात. डबा ओट्यावर ठेवलात. आई म्हणाली, होईल काहीतरी. बस, एवढंच म्हणाली. तुमचा उजवा हात तिच्या डाव्या कानावर बसला आणि ती फळीवर आदळली. भांडी पडली. सगळ्यात आधी भांडी पडल्याचाच आवाज मी ऐकला. नंतर तिच्या कानातून रक्त आलं, ते तिने पदराच्या आतल्या बाजूने पुसलं, बाहेरून दिसू नये म्हणून. डॉक्टरांना सांगितलं, तापात कान गेला.

मी मोठी होताना स्वतःला समजावलं की हे तुम्ही केलंच नाही. ते त्या नव्या मशीनने केलं. त्या काळाने केलं, बाहेरून आलेल्या कंपन्यांनी केलं. आधी माझे बाबा असे नव्हते, माणसाचं काम गेलं की माणूस असा होतो. लग्नाआधी समीरलाही मी हेच सांगितलं. तो चांगला माणूस आहे, त्याने मान हलवली. किती वर्षं मी तुमची वकिली केली, बाबा! आणि पगार खाल्ला तो कॉम्प्युटरचाच.

लॅपटॉप गोठल्यावर उचलला तेव्हा त्याचं पोट तव्यासारखं तापलेलं होतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गार असताना चालतो, तापला की थांबतो. अपडेटच्या कामाने तापून तो दोष पहिल्यांदा उघडा पडला, एवढंच. म्हणजे पंखा.

तुम्ही मला एक गोष्ट शिकवली होतीत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटायचे. आत बेअरिंग काय बोलतं ते ऐकू येतं. मी लहान होते, स्कूटरच्या इंजिनावर तुम्ही माझा हात धरून तो टेकवलात आणि विचारलंत, काय म्हणते वं? मी म्हटलं, खरखर म्हणते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्या दिवशी मला वाटलं होतं, जगात माझ्या बापाएवढं कोणाला काही ऐकू येत नाही.

आज तुमच्याच पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर लॅपटॉपच्या पोटाला लावून मी ऐकलं. पंखा धडपडत होता, अर्धा फेरा घेऊन अडत होता.

बाबा, तुम्हाला लेथचं बेअरिंग जायच्या आधी महिनाभर ऐकू यायचं. आईचं तुम्हाला काहीच कसं ऐकू आलं नाही? ती तर तुमच्या शेजारी झोपत होती.

मी मागचं झाकण उघडलं. आणि काय दिसलं सांगू? पंख्याच्या पात्यांवर लाल-पिवळा थर, केकसारखा जमलेला. हळद आणि कुंकू. उदबत्तीची राख. आणि पात्याच्या मुळाशी अडकलेले तांदळाचे दाणे. अक्षता!

हसावं की रडावं कळेना. खंडेनवमीची पूजा! दर वर्षी कारखान्यातलं लेथ धुऊन पुसून तुम्ही त्याला झेंडूचा हार घालायचात, आणि घरी आल्यावर पान्हे, स्कूटर, मिक्सर. कारखाना सुटला, पुढे हा लॅपटॉप आला, मग याचीच पूजा सगळ्यात मोठी. बाकीची माणसं झाकणावर बोटाने कुंकू लावून मोकळी होतात. तुम्ही मात्र तो चालू करून कुशीतल्या जाळीवर हळदकुंकवाची चिमूट सोडायचात. मी एकदा म्हटलंही, तिथे नको, आत जातं. तुम्ही म्हणालात, "जिथून गरम वारा निघते, तिथंच त्याचा जीव राह्यते." आणि अजून एक चिमूट सोडलीत. लेथच्या मोटरला तसंच करायचे म्हणे तुमचे उस्ताद. लेथची मोटर केवढी, आणि हा पंखा केवढा!

म्हणजे एरवी वर्षभर ज्याला हाणायचात तो तुमच्या फटक्यांनी मेला नाही. तुमच्या पूजेने गुदमरला.

खंडेनवमी हा आमचा सगळ्यात आवडता सण होता, हे तुम्हाला माहीत आहे का? दिवाळीपेक्षाही. कारण त्या दिवशी तुम्ही कशावरही हात उचलत नव्हतात. टीव्हीला मुंग्या आल्या तरी नाही. प्रत्येक यंत्रापुढे बसून, डोकं टेकवून, पुटपुटायचात. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं. तुम्ही मिक्सरला म्हणत होतात, चुकलं असंल तं पोटात घाल.

मिक्सरला, बाबा! मिक्सरची माफी मागितलीत. आई तिथेच तुमच्या हातात निरांजन देत उभी होती. एकदा तरी तिच्याकडे वळायचं होतंत. किती लांब होती ती? हाताच्या अंतरावर तर होती. मारताना बरोबर सापडायची.

त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुमच्यावर हात टाकला असता. हे लिहिताना मला भीती वाटत नाही, लाजही वाटत नाही. तुमचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला, आणि मी त्याच्याकडे बघून मोठ्याने बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही ऐकलंच असेल.

मग मी ब्रश घेतला आणि पंखा साफ केला. दाणे चिमट्याने एकेक काढले. कुंकवाचा थर खरवडताना बोटं लाल झाली. झाकण लावलं, उडालेलं बटण धुऊन बसवलं, चालू केला. पंखा सुळकन फिरला. मी सगळं एकदम चालू करून पाहिलं, व्हिडिओ, गाणी, भूषणला फोन. गोठला नाही. तापलाही नाही.

एवढा आनंद झाला की मी धावत जाऊन दार उघडलं आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "या आत, झालं."

आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. तेच शब्द, तीच ऐट. मी दारात तशीच उभी राहिले.

त्या दोघी खिडकीपाशी बसल्या होत्या. सकाळचं ऊन पायऱ्यांवरून सरकून खालच्या मजल्यावर गेलं होतं, एवढा वेळ मी त्यांना तिथे बसवलं होतं. आईने इराला भिंतीच्या बाजूला घेतलं होतं आणि स्वतः दाराच्या बाजूला बसली होती. आम्हालाही ती तसंच बसवायची. लिमयेकाकू भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. आता काठी घेऊन चढतात. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, मला वाटलं होतं तुमची ही बैठक आता कायमची उठली." आणि किल्ली काढून आत गेल्या. त्यांचं दार हळूच लागलं.

मी खाली गेले आणि त्यांच्याखालच्या पायरीवर बसले. आईच्या उजव्या बाजूला. म्हटलं, आई, मी फक्त लॅपटॉपला मारलं गं. इराला मी बोटही लावणार नाही. तुला माहीत आहे ना?

आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग ती बोलली, अगदी सावकाश, आणि पुण्यात एवढी वर्षं काढूनही जी बोली ती फक्त मनातलं बोलताना काढते त्या बोलीत.

"तुह्या बापाचाही पयले रेडिओच होता. खरखर करे तं एक हाणे. अन तो चालू होये. मी हासो. टाळ्या पिटो. नवी नवरी होती, मले वाटे कितीक हुशार मानूस भेटला." तिने इराचा हात घट्ट धरला. "मंग एक दिवस तो चालू नाही झाला. अन मी तिथंच बाजूले उभी होती."

मी विचारलं, कधी गं? कारखाना सुटल्यावर ना?

"नाही वं. तवा तं कारखाना जोरात होता. रोज ओव्हरटाइम करून ये."

बाबा, एवढ्या वर्षांची माझी वकिली त्या एका वाक्यात संपली. कारखाना जोरात होता. पोटाला होतं, अंगात ताकद होती, पुण्यात नवं बिऱ्हाड होतं, रेडिओ घेतलेला होता. कोणी तुमचं काहीच हिरावून घेतलं नव्हतं. तरीही.

इरा सगळं ऐकत होती. तिने आजीच्या पदराशी चाळा करत विचारलं, "मग तू लांब का नाही गेलीस, आजी?"

आईने तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून तं तुले इथं आणलं," ती म्हणाली.

मी तिथे रडले. जिन्यात बसून मी कधी रडले नव्हते, लहानपणीही नाही. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, आणि ते बरंच केलं. ती इराचा हात धरून बसली होती, तो तिने सोडला नाही. माझी आई माझ्यावर प्रेम करते, यात मला शंका नाही. पण आज तिने दोघींतून एकीला निवडलं आणि बरोबर निवडलं.

तुम्ही होतात तेव्हा तिने आम्हाला निवडलं होतं. रोज. आणि तुम्हाला वाटत राहिलं की बायको-पोरांना जिन्यातला वारा आवडतो.

तुमची आठवण येते, हेही खरं आहे. खोटं कशाला बोलू? हिंजवडीत माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला स्कूटरवर सोडायला आलात आणि संध्याकाळी मी बाहेर पडले तर तुम्ही त्याच फाटकाशी उभे होतात. घरी गेलाच नव्हतात. सिक्युरिटीवाल्याला सांगत होतात, आत कॉम्प्युटरवर बसली आहे माझी पोरगी. ज्या यंत्राने तुमचा घास काढला असं तुम्ही म्हणायचात, त्याच यंत्रापुढे मला बसवून तुमची छाती फुगली होती. तो बाप मला हवा आहे. पण तो आणि दुसरा एकाच शर्टात आले, आणि दोघांना वेगळं करायचं काम मला आजवर जमलेलं नाही. आता ते मी करणारही नाही. तुम्ही दोन्ही होतात.

आम्ही आत आलो. आईने हेडफोन लावले. भूषण पडद्यावर आला, हलत होता, बोलत होता, आणि आई त्याला सांगत होती की सगळं ठीक आहे. सवयच आहे तिला. मी तिच्या उजव्या कानावरचा हेडफोन थोडा बाजूला केला आणि विचारलं, आई, तुझा दुसरा कान तपासून घेऊ या का? मशीन बसवता येतं आता. डॉक्टर विचारतील कान कशाने गेला, तर काय सांगू?

तिने भूषणकडे पाहिलं. त्याची जीभ त्याच्या तुटक्या दातावरून फिरत होती, तशी ती नेहमीच फिरते.

"खरं सांगजो," आई म्हणाली.

तेव्हा बाबा, आता तुम्हाला वचन देते. डॉक्टर विचारतील तेव्हा मी ताप म्हणणार नाही, तुमचं नाव सांगेन. वर्षश्राद्धाला कोणी कडक पण प्रेमळ म्हणालं तर त्यांना पानावर जेवू देईन, पण मान हलवणार नाही. आणि माझा हात उठतो हे मला आज कळलं आहे, तो पुन्हा उठणार नाही असं खोटं वचन मी तुम्हाला देणार नाही. एवढंच देते. यापुढे या घरात माझा हात उठलाच, तर आई आणि इरा घरात राहतील. जिन्यात मी जाऊन बसेन. आणि त्यांनी दार उघडून आत ये म्हटल्याशिवाय येणार नाही.

अजून रागावलेली,
तुमची थोरली,
मीना